घामाची दुबार नोंद

पहाटे साडेपाचनंतर सारसबागेभोवतीचा रस्ता, पर्वतीच्या पायऱ्या आणि तळजाईची टेकडी येथे जी वर्दळ असते, तिच्यात पुण्याच्या व्यापारी कुटुंबांतील स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने आढळतात. दुकान उघडण्यापूर्वीचा हा एक तास बहुतेकांनी निग्रहाने राखलेला असतो. पावसाळ्यात छत्री घेऊन, थंडीत कानटोपी घालून, लग्नसराईतही शक्यतो खंड न पाडता ही मंडळी चालतात. तरीही त्यांच्यापैकी पुष्कळांची एक तक्रार कायम असते : चालणे दोन वर्षे नेमाने सुरू आहे, वजन मात्र जिथल्या तिथे. मग कोणी प्रकृतीला बोल लावते, कोणी वयाला. कोणी थायरॉईडची तपासणी करून येते आणि अहवाल निर्दोष निघाला की अधिकच बुचकळ्यात पडते.

प्रकृती, वय आणि थायरॉईड यांचा वाटा असतोच. परंतु बहुसंख्य घरांतील अडचण याहून साधी असते, आणि पेढीवर बसणाऱ्या माणसाला ती तात्काळ ओळखू यावी अशी असते. शरीराच्या वहीत व्यायामाचा खर्च दोनदा लिहिला गेलेला असतो, कधी कधी तीनदाही.

ही दुबार नोंद कशी होते हे समजण्यासाठी आधी वहीची मांडणी पाहिली पाहिजे. आहार ही जमा. खर्चाच्या बाजूस तीन रकमा. पहिली व सर्वांत मोठी रक्कम म्हणजे शरीर नुसते पडून असतानाही हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे चालू ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा. डॉक्टर तिला बी. एम. आर. म्हणतात, आपण मूळ खर्च म्हणू. दुसरी रक्कम अन्न पचविण्याची आणि दिवसभराच्या किरकोळ हालचालींची. तिसरी, मुद्दाम केलेल्या व्यायामाची. जमा खर्चाहून कमी पडली की शरीर तूट भरून काढण्यासाठी साठवलेली चरबी मोडते. एक किलो वजनामागे सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. बोलीभाषेत ज्याला आपण कॅलरी म्हणतो ती शास्त्रातील किलोकॅलरी होय, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पाकिटांवरील आकड्यांनी गोंधळ होत नाही.

आता एक उदाहरण धरू. लक्ष्मी रस्त्यावरील कापडाच्या दुकानात बसणारे पन्नास वर्षांचे गृहस्थ. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. त्यांचा मूळ खर्च किती? १९१९ मध्ये अमेरिकेत हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी दिलेल्या सूत्राप्रमाणे तो १,६२७ कॅलरी येतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जोर सूत्राने १,५६६. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या १९८५ च्या सूत्राने १,७८४. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हेच सूत्र भारतीय शरीरासाठी सुमारे पाच टक्के उतरवले, त्याने १,६८३. माणूस एक, उत्तरे चार, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान उत्तरांत २१८ कॅलरींचे अंतर. चारही सूत्रे प्रामाणिक आहेत. ती वेगवेगळ्या लोकांची मोजमापे घेऊन बांधलेली सरासरी आहेत. ज्या सूत्रांत केवळ वजन विचारले जाते, ती स्थूल व्यक्तीला थोडा अधिक खर्च दाखवतात, कारण वाढलेले वजन बहुतांशी चरबीचे असते आणि चरबी बसून खाणारी, कमी कमावणारी ठेव आहे. स्नायूचा एक किलो विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरी खर्च करतो, चरबीचा एक किलो चार-साडेचार.

येथे पुण्याचाच एक दाखला महत्त्वाचा आहे. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बी. एम. आय., म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजन, अगदी सारखा : २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांच्याकडे ती ९.१ टक्के निघाली आणि डॉ. याज्ञिक यांच्याकडे २१.२ टक्के. काट्यावर समान असलेली दोन शरीरे आतून इतकी भिन्न. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मलेल्या बालकांचाही अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याकडील बालके हाडापेराने व स्नायूंनी बरीच लहान होती, पण त्वचेखालील चरबी त्यांनी त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारे तरीही चरबीयुक्त असे भारतीय शरीर ही कल्पना येथून जगभर पोहोचली. म्हणूनच आपल्याकडे बी. एम. आय. २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की स्थूलता मानतात; पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा समजतात. आपल्या उदाहरणातील गृहस्थांचा बी. एम. आय. २८.६ भरतो. समाजातील किती घरांत मधुमेहाची गोळी मीठ-मिरचीइतकीच नित्याची झाली आहे, हे सांगावयास नको.

तेव्हा चार उत्तरांपैकी सर्वांत सावध, म्हणजे १,५६६ हे घ्यावे. सूत्रही सोपे आहे : किलोमधील वजनाची दहापट, त्यात सेंटिमीटरमधील उंचीची सव्वासहापट मिळवावी, वयाची पाचपट वजा करावी, पुरुषासाठी शेवटी ५ मिळवावेत, स्त्रीसाठी १६१ वजा करावेत.

खरा घोटाळा याच्या पुढच्या पायरीवर होतो. मूळ खर्चाला दिवसाच्या श्रमाप्रमाणे एका आकड्याने गुणावयाचे असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांत ६५ किलोच्या पुरुषास बैठ्या कामासाठी २,११०, मध्यम श्रमासाठी २,७१० आणि कष्टाच्या कामासाठी ३,४७० कॅलरी दिल्या आहेत. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६०, २,१३० आणि २,७२०. मूळ खर्चाच्या पटीत बोलायचे तर बैठे काम १.४, मध्यम १.८, कष्टाचे २.३. मार्केट यार्डातील गाळ्यात गादीवर बसलेले मालक आणि त्याच गाळ्यासमोर पोती वाहणारा हमाल, दोघांचे वजन ६५ किलो असले तरी त्यांच्या गरजेत दिवसाला १,३६० कॅलरींचा फरक आहे. हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रावर पोटभर जेवणारा कष्टकरी सडपातळ का राहतो आणि तेवढेच जेवणारे मालक का सुटतात, याचे उत्तर या एका ओळीत आहे.

एक तास चालणारे आमचे गृहस्थ यांपैकी कोणत्या रांगेत बसतात? मोबाईलवरील ॲप त्यांना विचारते, ‘आपण आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता?’ ते सहा दिवस असे प्रामाणिकपणे लिहितात, आणि ॲप त्यांना मध्यम श्रमाच्या रांगेत नेऊन बसवते. तेथे बहुधा १.५५ ने गुणतात. म्हणजे २,४२७ कॅलरी. चालण्याचा खर्च या गुणाकारातच धरला गेला. नंतर मनगटावरील पट्टा सांगतो की आजच्या चालण्यात ३०० कॅलरी जळाल्या. ॲप त्याही मिळवते : २,७२७. ही दुबार नोंद. वजन उतरवण्यासाठी ५०० वजा केल्या की उरतात २,२२७, आणि गृहस्थ समाधानाने तेवढे खातात.

आता खरी बेरीज पाहू. बैठ्या दिवसाचे १,५६६ गुणिले १.४, म्हणजे २,१९२. ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर सपाटीवर चालण्याचा ७८ किलोच्या माणसाचा एकूण खर्च सुमारे २७५ कॅलरी येतो. पण तो तास ते घरी वर्तमानपत्र वाचत बसले असते तरी ७८ कॅलरी लागल्याच असत्या, आणि त्या २,१९२ मध्ये आधीच धरलेल्या आहेत. चालण्याने झालेला निव्वळ वाढीव खर्च १९५. एकूण २,३९०. म्हणजे २,२२७ खाताना तूट पाचशेची नसून जेमतेम १६० कॅलरींची आहे. एवढी तूट साडेतीन चमचे तुपात नाहीशी होते. आणि आरंभी १,७८४ चे सूत्र वापरले असते, तर याच मार्गाने २,५६५ चा परवाना मिळाला असता. गृहस्थ रोज नेमाने चालत आणि नेमाने वजन वाढवत राहिले असते.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की बैठ्या रांगेतून खऱ्या अर्थाने १.८ च्या रांगेत जाण्यासाठी त्यांना रोज सुमारे ६२५ कॅलरी अधिक खर्चाव्या लागतील. म्हणजे तीन तासांहून अधिक चालणे. एका तासाने माणूस १.४ वरून १.५ च्या किंचित पुढे सरकतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एकदा चढून उतरण्याचा निव्वळ खर्च शंभर कॅलरींच्या आतच राहतो. कांदा-बटाटा नसलेल्या जैन पोह्यांच्या एका बशीत पन्नास ग्रॅम पोहे आणि दोन चमचे तेल धरले तरी अडीचशेच्या वर कॅलरी होतात. वर शेव आणि गोड चहा निराळाच. चालून परतताना मित्रमंडळींसह घेतलेला हा अल्पोपाहार चालण्याचा सर्व खर्च भरून काढतो.

मनगटावरच्या पट्ट्याविषयी एवढेच. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने असे सात पट्टे तपासले. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. परंतु खर्च झालेल्या कॅलरींत सर्वांत अचूक पट्टादेखील सरासरी २७ टक्क्यांनी चुकला आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. पावले मोजण्यास तो खुशाल वापरावा. त्याच्या कॅलरी वहीत चढवू नयेत.

यावर कोणी म्हणेल, मग चालण्याचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो दुसऱ्या खात्यात आहे. जेवणानंतरची साखर स्नायू उचलतात, रक्तदाब उतरतो, झोप लागते, आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात नियमित व्यायामाचा वाटा मोठा असतो. वजन उतरवण्याचे काम मात्र मुख्यतः ताटालाच करावे लागते.

ताटाची मोजणी हे याहून अवघड प्रकरण. १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथे, ‘आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या काही व्यक्तींचा काटेकोर अभ्यास झाला. त्यांचा मूळ खर्च सामान्य निघाला. प्रत्यक्ष खाल्ल्यापेक्षा त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी आहार नोंदवला होता आणि हालचाल ५१ टक्के अधिक. त्यांना लबाड ठरवण्याचे कारण नाही. सरबराईत घेतलेला पेढा, दुकानात गिऱ्हाइकाबरोबर घेतलेला चहा, डब्यातून येताजाता उचललेले चार बदाम माणसाच्या स्मरणात राहतच नाहीत. बदाम पौष्टिक खरे, पण शंभर ग्रॅमला सहाशेच्या घरात कॅलरी असतात. खाखऱ्याचीही तीच कथा. तो कोरडा आहे म्हणून हलका वाटतो. वर तूप लावून, जिरावण भुरभुरून एकामागून एक चार संपले की दोन फुलके बरे होते असे म्हणण्याची वेळ येते.

प्रत्येक वाटी तोलणे एकत्र कुटुंबात अशक्यच. त्याऐवजी व्यापारी घराला सहज जमणारी एक युक्ती आहे : महिन्याच्या किराणा यादीवरून उलटा हिशेब. सहा माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो तेल आणि दोन किलो तूप लागत असेल, तर आठ हजार ग्रॅम भागिले एकशे ऐंशी, म्हणजे माणशी रोज ४४ ग्रॅम. तेल असो वा तूप, शंभर ग्रॅमला ९०० कॅलरी. म्हणजे माणशी सुमारे ४०० कॅलरी केवळ स्निग्धांशातून आल्या. साखर-गुळाचा हिशेब ग्रॅमला चार कॅलरींनी असाच करावा. एकशेनव्वद कॅलरींसाठी तासभर घाम गाळणाऱ्या माणसाने ही दोन भागाकारांची तेरीज एकदा अवश्य मांडून पाहावी. बाहेरचे खाणे, फरसाणाचे पुडे आणि मिठाईचे खोके या यादीत येत नाहीत, ते वेगळे लिहावेत.

घरातील गृहिणीचा हिशेब पतीच्या हिशेबावरून काढू नये, ही गोष्ट वारंवार विसरली जाते. पंचेचाळीस वर्षांची, १५२ सेंटिमीटर उंचीची, ६२ किलोची स्त्री घेतली तर मूळ खर्च १,१८४. बैठ्या दिवसाचा १,६५८. तासभर चालण्याचे निव्वळ १५५ धरून १,८१३. पतीहून पावणेसहाशे कमी. दोघांनी ‘एकच डाएट’ सुरू केले की पतीचे वजन उतरते, पत्नीचे तसेच राहते, आणि दोष तिच्या मनोनिग्रहाला मिळतो. वास्तविक तिचे उद्दिष्ट १,४५० च्या आसपास असावयास हवे होते. त्यात अन्न वाया न घालवण्याचा आपला संस्कार. थाळी धुऊन ते पाणीही पिण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि ती आदरणीयच आहे. मात्र मुलांच्या ताटातील उरलेसुरले आईने संपवणे हा त्या रीतीचा भाग नव्हे. थाळी स्वच्छ करावयाची असेल तर ती आरंभीच कमी वाढून घ्यावी, हा त्यातील मूळ विवेक.

ह्या विवेकाला जैन परंपरेत स्वतंत्र नाव आहे. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात तिला अवमौदर्य म्हटले आहे. परंपरेने पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा मानला. त्याहून एक घास कमी घेतला तरी ती ऊनोदरी. या तपाचा हेतू कर्मनिर्जरा आहे, कंबरेचा घेर नव्हे, आणि तपाला वजनाच्या काट्यावर तोलणे औचित्याचे नाही. परंतु गणित म्हणून पाहावे : आपल्या गृहस्थांच्या २,३९० कॅलरींतून ४५० कमी करावयाच्या, तर ते ३२ पैकी सहा घास होतात. सहा घास ही उपासमार नव्हे. अर्थात घास कशाचा हेही पाहावे लागते. चूरम्याचे सहा घास आणि मुगाचे सहा घास सारखे नाहीत. रसपरित्याग हा निराळा प्रकार सांगितला गेला तो दूध, दही, तूप, तेल, गोड आणि तळलेले या विगयांसाठी. घनदाट कॅलरींची यादी करावयास बसले तर आजचा आहारतज्ज्ञही जवळपास हीच नावे लिहील.

उलट, दीर्घ उपवासाकडे वजन उतरवण्याचा उपाय म्हणून पाहणाऱ्यांची निराशा ठरलेली असते. अठ्ठाईच्या आठ दिवसांत रोज २,२०० प्रमाणे १७,६०० कॅलरींची तूट झाली असे धरले तरी ती सव्वादोन किलो चरबीएवढीच भरते. काट्यावर त्याहून अधिक घट दिसते ती पाण्याची आणि काही अंशी स्नायूंची. पाणी पारण्यानंतर चार दिवसांत परत येते. स्नायू इतक्या लवकर येत नाहीत, आणि स्नायू घटले की मूळ खर्चही घटतो. म्हणून वजन उतरवताना प्रथिनांकडे डोळेझाक करू नये. निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम हे भारतीय प्रमाण आहे. आपल्या घरांत ते मूग, मटकी, हरभरा, पनीर आणि दूध-ताक यांतून सांभाळावे लागते. कच्चे दही-ताक आणि द्विदल एकत्र न घेण्याचा नियम पाळणाऱ्यांनी एका वेळी कठोळ व दुसऱ्या वेळी ताक असे ठेवावे, किंवा ताक आधी गरम करून कढी करावी. सोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा, जोर किंवा थोडे वजन उचलण्याचा व्यायाम जोडावा. केवळ चालण्याने स्नायू पुरेसे राखले जात नाहीत. चौविहाराने सूर्यास्तानंतरचे दूध, सुकामेवा आणि दूरदर्शनसमोरचे फरसाण आपोआप बंद होते, हा त्याचा हिशेबी लाभ. पण संध्याकाळी साडेपाचला दुकानात आलेला डबा ‘आता सकाळपर्यंत काही नाही’ म्हणून दुप्पट जेवला, तर तो लाभ राहत नाही.

इतके करूनही २,३९० हा आकडा अंदाजच आहे. त्याची जुळवणी वजनाच्या काट्याशीच करावी लागते, आणि ती करण्याची पद्धत पासबुकाइतकी सोपी आहे. रोज सकाळी शौचानंतर, काही न घेता, एकाच काट्यावर वजन करून लिहावे. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नये. मीठ, पाणी, बद्धकोष्ठ यांनी तो किलोभर हलतो. सात दिवसांची सरासरी काढावी आणि चार आठवड्यांनंतरच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहावी. मासिक पाळीच्या दिवसांत शरीरात पाणी धरले जाते म्हणून स्त्रियांना चार आठवड्यांचे अंतर विशेष उपयोगी.

समजा गृहस्थांनी या काळात आपल्या वहीप्रमाणे सरासरी १,९५० कॅलरी खाल्ल्या आणि सरासरी वजन एक किलोने उतरले. ७,७०० भागिले २८, म्हणजे रोजची तूट २७५. त्यांचा खर्च, त्यांच्या वहीच्या भाषेत, १,९५० अधिक २७५, म्हणजे २,२२५. सूत्राने सांगितलेल्या २,३९० हून १६५ कमी. हा फरक सूत्राचा की चमच्याचा, याचा शोध घेत बसण्याचे कारण नाही. जुन्या तागडीत रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतला की भांड्याचे वजन किती हे कोणी विचारत नसे. तसाच हा धडा झाला. नोंदीतील चूक रोज सारखीच होत असेल तर ती या वजाबाकीत विरून जाते. पुढच्या महिन्यासाठी २,२२५ हाच आरंभीचा आकडा धरून त्यातून ४५० वजा कराव्यात : १,७७५. त्या गतीने महिन्याला पावणेदोन किलो उतरतील, आणि या वयाला ही गती पुरेशी आहे.

वजन उतरले की खर्चही उतरतो. हेच गृहस्थ ७० किलोवर आले की चालण्यासह त्यांचा सूत्राचा खर्च २,२५६ राहील, पहिल्याहून सुमारे १३५ कमी. म्हणून दर तीन-चार किलोंनंतर वही नव्याने मांडावी. ‘तेच खातो, तेवढेच चालतो, पण आता उतरत नाही’ या स्थितीचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

खालच्या मर्यादेचे भान ठेवावे. स्त्रीने १,२०० आणि पुरुषाने १,५०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये. मधुमेहासाठी ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर आहार घटवण्यापूर्वी, एकासना किंवा उपवास करण्यापूर्वी, औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतलीच पाहिजे. आहार कमी आणि मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा हिशेब स्वतःवर चालवू नये.

आरंभासाठी महिनाही विचारपूर्वक निवडावा. आयंबिलाची ओळी, पर्युषण, दिवाळी किंवा घरचे लग्न यांपैकी काही त्या चार आठवड्यांत येत असेल तर सरासरी बिघडते आणि पहिलाच ताळा चुकतो. दिवाळीनंतरचे, लग्नाचे मुहूर्त सुरू होण्यापूर्वीचे चार मोकळे आठवडे मिळाले तर ते उत्तम. न मिळाल्यास निदान नेहमीच्या दुकानदारीचे, नेहमीच्या स्वयंपाकाचे दिवस पाहून पहिले पान उघडावे.